कॉर्निशवरून प्रागाला

१४ जाने. २०२२, शुक्र.
संक्रांत. अश्विनी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली. काळी साडी, छान दिसत होती. मला बोलावणं नव्हतंच. हे गेल्यापासून नसतं. सवय झाली म्हणून सांगते मी सगळ्यांना. झालेली नाही. एवढा समुद्र ओलांडून कोल्हापूरहून दोह्याला मुलाकडे राहायला आले, आणि हे मात्र बरोबर सामानातनं आलं. जाताना म्हणाली, "आई, तुम्ही रेवाजवळ असता म्हणून मला निघता येतं." सून गुणाची आहे. तिला काय बोलायचं.

संध्याकाळी तिळगूळ घेऊन तिसऱ्या मजल्यावर हलिनाकडे. तीही माझ्यासारखीच. पोलंडची, नवरा नाही, मुलाकडे राहायला आलेली. तिचा मुलगा आमच्या नितीनसारखाच स्टेडियमच्या साइटवर, उजाडायच्या आत घराबाहेर. तिला सांगितलं, हे खायचं आणि गोड बोलायचं. इंग्रजी माझं मोडकं, तिचं त्याहून मोडकं. म्हणाली, "आय स्पीक बॅड. बट स्वीट." कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

१९ जाने., बुध.
नातीची, रेवाची, शाळेची बस गेली की आम्ही दोघी मेट्रोनं कॉर्निशला, म्हणजे इथल्या समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्याला. आधी म्युझियमची बाग, मग समुद्राकडेनं, घड्याळाचा मनोरा, शेवटी सूक (इथला जुना बाजार) आणि किल्ला. सपाट रस्ता, चढ नाही, जागोजागी बाकं. तिच्या खुब्याला आणि माझ्या गुडघ्याला झेपेल एवढंच.

ह.ची एक खोड आहे. ती दोह्यात चालतच नाही मुळी, ती तिच्या प्रागात चालते. (प्राग नव्हे गं, प्रागा. वॉर्सा शहराचा नदीपलीकडचा जुना भाग. माझी चूक दुरुस्त करून थकली बिचारी.) मनोरा दिसला की म्हणते, हे आमचं फ्लोरियनचं चर्च, लाल विटांचं, दोन सुळके. बाग म्हणजे प्रागा पार्क, त्याच्या कडेला अस्वलं. अस्वलं? हो म्हणे, भर वस्तीत, ट्राममधनं दिसतात. सूक म्हणजे तिचा जुना बाजार. आज किल्ल्यापाशी मी सरळ निघाले तर दंडाला धरून वळवलं. "नो कुसुम, देअर वोडका फॅक्टरी." आता गं बया! कतारात! मी चारी बाजूंना बघून घेतलं, कुणी ऐकलं तर काय घ्या.

८ फेब्रु., मंगळ.
आज माझी पाळी. म्हटलं, आज कोल्हापूरला चालू. समुद्र झाला रंकाळा, खजुराची झाडं झाली टाऊन हॉलची बाग. सूकमधले उंट बघून विचारते, हे कोण? म्हटलं, स्टँडवरचे रिक्षावाले. जागचे हलत नाहीत, वर मान करून बघतात.

मग बाकावर बसल्यावर तिला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं सांगितलं. मोठ्या युद्धात पोलंडची बायकामुलं आमच्याकडे कॅम्पात राहिली होती. माझी आई तेव्हा लहान. त्यातल्या एका बाईनं तिला लोकरीचं विणकाम शिकवलं होतं. आई तो टाका शेवटपर्यंत विणायची, आम्ही त्याला पोलंडचा टाका म्हणायचो. ह.ला काहीच ठाऊक नव्हतं.  मग म्हणाली, आता तू माझ्याकडे ये. खरं प्रागा दाखवते. मी बरं म्हटलं. म्हणायला काय जातंय.

२५ फेब्रु., शुक्र.
ह. आली नाही. वर गेले तर टीव्हीसमोर बसलेली, डोळे सुजलेले. त्यांच्या शेजारच्या देशात युद्ध सुरू झालंय. चहा केला तिच्याच स्वयंपाकघरात. मुलगा साइटवर. दोघी बसून राहिलो.

१३ मार्च, रवि.
ह्या वर्ल्ड कपचं काय करावं! हलिनाच्या घरमालकानं लीज वाढवायला नकार दिला. नोव्हेंबरात पाहुण्यांना देणार म्हणे फ्लॅट. तिच्या मुलाला कंपनी दुसऱ्या दोघांबरोबर खोली देईल. आईला कुठं ठेवणार? ती परत चालली. पंधरवड्यात. नि.ला सांगितलं तर जेवता जेवता म्हणाला, "हो आई, सगळीकडे हेच चाललंय," आणि फोन घेतला.

माझं कोण आहे इथं दुसरं? बिल्डिंगमधल्या बायका चांगल्या आहेत, पण सगळ्या तरण्या. त्यांच्या गप्पांत मी गेले की आवाज खाली येतो, नमस्कार होतात, आणि गप्पा संपतात.

२४ मार्च, गुरु.
ह. गेली.

काल रात्रीच मनात आलं होतं, हिला रिकाम्या हातानं कशी पाठवू? सकाळी नारळ काढला, तांदूळ घेतले. आणि थांबले. तिलाही नवरा नाही, मलाही नाही. विधवेनं विधवेची ओटी भरायची? कोल्हापुरात जाऊबाईंनी पाहिलं असतं तर चार दिवस तेच पुरलं असतं. अश्विनी ऑफिसला निघाली होती, दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं आता ही म्हणते, आई, असं चालतं का? ती आत गेली आणि कपाटातनं खण घेऊन आली. नवा, इरकली. "हा द्या. हिरवा आहे, त्यांच्या डोळ्यांना शोभेल." मग मला रडू आलं. तीही डोळे पुसत पुसतच लिफ्टमध्ये शिरली.

ह.ला पदर कुठला, पँट घालते ती. गळ्यातला स्कार्फ पसरून उभी राहिली.  भरून झाल्यावर म्हणाली, "नाउ आय कम बॅक?" म्हटलं, आमच्यात माहेरवाशिणीला देतात. म्हणाली, मग तू तिकडे ये, मी भरते. नारळ कसा न्यायचा ह्यावरनं मुलाशी तिचं तिच्या भाषेत भांडण. शेवटी नारळ बॅगेत गेला आणि मुलाचे बूट बाहेर राहिले.

७ एप्रिल, गुरु.
एकटी गेले कॉर्निशला. मनोऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. रोज्यांचा महिना, सूक बंद. कुणाशी बोलायचं, तर जाताना येताना मेट्रोतल्या त्या बाईच्या घोषणेशी.

२१ एप्रिल
व्हॉट्सॲपचा कॉल इथून लागत नाही, म्हणून ह. चालता चालता व्हिडिओ पाठवते. आज चर्च पाहिलं. खरंच लाल, खरंच दोन सुळके. अस्वल झोपलेलं. तिच्या चाळीचं अंगण पण दाखवलं. मधोमध मेरीचं छोटं देऊळ, कागदी फुलं, दिव्यांची माळ. अगदी तुळशीवृंदावन. तिनं युक्रेनची एक बाई आणि तिचं तान्हं बाळ घरात ठेवून घेतलंय. मी पण उत्तर बोलून पाठवते, गॅलरीत उभी राहून, नाहीतर स्वयंपाकघरात काम करता करता. रेवा विचारते, "आजी, व्हाय आर यू शाउटिंग ॲट पोलंड?" म्हटलं, लांब आहे म्हणून.

१५ जून, बुध.
बाहेर भट्टी. चालायला मॉलमध्ये जाते. मॉलमध्ये गोल गोल फिरणारे म्हातारे-म्हाताऱ्या बरेच आहेत, कुणी केरळचे, कुणी लखनौचे. मान हलवतो एकमेकांकडे. बोलत कुणीच नाही. सगळ्यांना मुलांनीच आणून सोडलेलं.

ह.चा मेसेज. तिच्याकडची बाई बाळाला घेऊन जर्मनीला गेली, घर मोकळं. आणि खुब्याचं ऑपरेशन ठरतंय. सरकारी दवाखान्याची रांग, नोव्हेंबरात नंबर येईल. नंतर किती चालता येईल, डॉक्टर सांगत नाहीत. लिहिलंय, "कुसुम, कम ऑक्टोबर. लीव्हज येलो. आय वॉक विथ यू, लास्ट टाइम गुड."

दिवसभर तेच डोक्यात. मला जायचंय. हे एवढं सरळ मी पहिल्यांदाच लिहितेय. जन्मात कुठं एकटी गेले नाही. काशीला गेले ती ह्यांच्याबरोबर, इथं आले ती नि.बरोबर. मला हलिनाकडे जायचंय, ती चालतेय तोवर.

२२ जुलै, शुक्र.
नि.ला सांगितलं. चहाचा कप हातात तसाच राहिला त्याच्या.
"पोलंडला? कशाला?"
"चालायला."
"आई, तिकडे युद्ध आहे."
"शेजारी आहे."
"इथं चाल की. एवढं सगळं नवीन केलंय, पार्क केलेत."
"इथं माझ्याबरोबर कोण आहे?"
त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण खोटं काय बोलले?
म्हणाला, वर्ल्ड कप झाला की सगळेच जाऊ. ह्या घरात सगळंच वर्ल्ड कप झाला की होणार आहे. बाथरूमचा नळ, रेवाचे दात, कोल्हापूर. एक मी तेवढी आधी मरणार बहुतेक.

१९ ऑगस्ट, शुक्र.
व्हिसाला काय लागतं ते स्वतःच विचारून आले. अर्ज भरून देणाऱ्या दुकानात. केरळचा माणूस, सज्जन. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "अम्मा, स्पॉन्सर का एनओसी चाहिए." स्पॉन्सर कोण? माझा इथला परवाना नि.च्या नावावर, म्हणजे नि. मुलानं लिहून द्यायचं, आईनं प्रवास करायला माझी हरकत नाही. अति झालं अन् हसू आलं. ह्याच्या सहावीच्या पन्हाळ्याच्या सहलीला मी सही केली होती, तीही लगेच.

नि.ला म्हटलं, आता तू माझी सहल अडवू नको. "तसं नाही गं आई," म्हणाला. कसं आहे ते सांगितलं नाही. हल्ली काहीच सांगत नाही. जेवताना घास हातात धरून बसतो.

१३ सप्टें., मंगळ.
नि.नं सही केली! अश्विनीनं काहीतरी बोलून घेतलं असणार, विचारलं नाही. अपॉइंटमेंटही बघितली, पुढच्याच आठवड्यातली मिळत होती. मी म्हटलं, थांब. पितृपक्ष चालू आहे. ह्या पंधरवड्यात नवं काही सुरू करायचं नाही, त्यात ह्यांची तिथी. नवरात्र बसू दे.
"आई, आत्ता मिळतेय. घेऊ का?"
"एवढी थांबले, आणखी दहा-बारा दिवसांनी काय बिघडतंय."
नि.नं खांदे उडवले, लॅपटॉप मिटला.

१८ सप्टें., रवि.
ह्यांची तिथी. खीर केली, वडे केले. गॅलरीत पान ठेवलं. इथं कावळा दिसत नाही फारसा, साळुंक्या आल्या. त्यांनीच खाल्लं. म्हटलं, चालवून घ्या, आणि मला नीट पाठवा.

२७ सप्टें., मंगळ.
काल घट बसले. सकाळीच नि.ला म्हटलं, बघ आता. बघितलं. एक जागा नाही! वर्ल्ड कपच्या गर्दीला भिऊन निम्मा दोहा महिनाभर युरोपात पळतोय म्हणे. पहिली तारीख मिळाली ती ऑक्टोबरची सोळा. त्यापुढे पासपोर्ट परत यायला दोन-तीन आठवडे. म्हणजे पिवळी पानं गेली.

दैव देतं, कर्म नेतं. नि. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर वर्गात पोरांना सांगत आले, वेळ पाळा, मुहूर्त बघू नका. स्वतःच्या वेळी मात्र पंचांग काढून बसले. ह.ला काय सांगू? तिला पितरं कशी समजावू? नुसतं "लेट, माय मिस्टेक" लिहिलं. तिचं उत्तर आलं, "डेड पीपल ऑलवेज फर्स्ट. मी टू." म्हणजे मला वाटतं समजलं तिला. तरी मला माझाच राग येतोय, जेवण गेलं नाही.

१६ ऑक्टो., रवि.
पासपोर्ट देऊन आले. काउंटरवरची मुलगी विचारते, जाण्याचा उद्देश काय? टुरिझम म्हणायचं नि.नं पढवलं होतं. म्हटलं, टुरिझम. मग न राहवून म्हटलं, "फ्रेंड." दोन्ही लिहून घेतलं तिनं.

२४ ऑक्टो., सोम.
लक्ष्मीपूजन. नि. रात्री उशिरा आला, रांगोळी पुसली गेली होती तोवर. चकल्या बिघडल्या. ह.ला ऑपरेशनची तारीख आली, दोन नोव्हेंबर. पुढे ढकलता येत नाही, ढकलली की वर्षभर मागे. तिनं आज प्रागा पार्कातला व्हिडिओ पाठवला. पानं सगळी खाली पडलेली. काठी टेकत चाललीय, मध्येच थांबून कॅमेऱ्यात बघते. नुसता श्वास ऐकू येतो. हा तिचा नीट चालण्याचा शेवटचा व्हिडिओ, आणि मी तिच्याबरोबर नव्हते.

३ नोव्हें.
तिच्या मुलाचा मेसेज. ऑपरेशन झालं, ठीक आहे. त्याला साइटवरनं सुट्टी नाही. कुणालाच नाही.

११ नोव्हें., शुक्र.
काल पासपोर्ट आला. व्हिसा लागला आहे. माझा फोटो बघून रेवा म्हणते, "आजी, यू लुक लाइक पोलीस."

जेवणं झाली, अश्विनी रेवाला घेऊन वाढदिवसाला गेली. नि. सोफ्यावर. मी विषय काढला, तिकीट बघ म्हणून.
"आता कशाला आई? त्यांना तर चालताच येत नाही."
"म्हणूनच. चालत होती तेव्हा तिला माझी गरज नव्हती एवढी. तिकडेही तिसरा मजला, लिफ्ट नाही, घरात माणूस नाही. दवाखान्यातनं घरी आली की शेजारीण दूध दारात ठेवून जाईल. उठून घ्यायचं कुणी?"
"पुढच्या शुक्रवारपासून रेवाची शाळा बंद. पूर्ण वर्ल्ड कप संपेपर्यंत. तिच्याकडे कोण बघणार?"
"तिला आईबाप आहेत. अश्विनीला घरून काम मिळालंय महिनाभर. सगळं सांभाळते ती."
फोन बाजूला ठेवला त्यानं. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात म्हणाला, "आणि माझ्याकडे कोण बघणार?"

मला आधी हसू येणार होतं. चाळिशी ओलांडलेला बाप्या. पण तोंड बघितलं त्याचं. लहानपणी ताप आला की असाच दिसायचा, डोळ्याखाली काळं. म्हणाला, डिसेंबरात नोकरी खलास आहे आई. मॅच संपल्या की आमची टीमच राहणार नाही. जुलैपासून माहीत आहे मला. सगळीकडे अर्ज केले, कुणी उत्तर देत नाही. अश्विनीला सांगितलं नाही.
"तिला का नाही सांगितलं?"
"तू घरात आहेस ना. संध्याकाळी आलो की तू स्वयंपाकघरात काहीतरी बडबडत असतेस, त्या बाईशी. ते ऐकू आलं की वाटतं, होईल काहीतरी."

म्हणजे मी ज्या घरात एकटी म्हणून रोज झुरतेय, त्याच घरात हा माझ्या आवाजावर तग धरून बसलाय. आणि मला एकदा येऊन म्हणाला नाही, आई, बस जरा. काय माणसं आहोत आम्ही! मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस विरळ झालेत. म्हटलं, आज अश्विनी आली की तिला सांगायचं. मी असो नसो, ते तुलाच सांगायचंय. "इन्शाल्ला," म्हणाला. मी म्हटलं, इन्शाल्ला नाही, आज. मान हलवली.

१२ नोव्हें., शनि.
नि.नं अजून सांगितलेलं नाही. सकाळपासून तिघंही घरात, तो टेबलावर नुसती बोटं वाजवतोय. मी मधे पडून सांगू शकते. सांगणार नाही.

अश्विनीनं तिचा जाड कोट आणून माझ्या पलंगावर ठेवला, जोडीला लोकरीचे मोजे. "आई, तिकडे बर्फ पडायला लागेल, तुम्ही निघा लवकर. आमचं चालेल इथं." तिला काय माहीत इथलं काय चालणार आहे ते. नि. तिथंच उभा होता. कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाणी प्यायला गेला.

दुपारी ह.चा मेसेज. काल तिला खुर्चीत बसवून दोन माणसांनी जिना चढवून वर नेलं. खिडकीजवळ पलंग ओढून घेतलाय, तिथनं अंगण दिसतं. विचारलंय, "कुसुम, व्हेन?"

स्वयंपाकघरात आले. कुणाशीच बोलले नाही, त्यामुळे घर एकदम शांत. बाहेरच्या खोलीत नि.नं "आई?" म्हणून हाक मारली, नुसतीच, काही काम नसताना. ओ दिली. मग ह.ला "आय ॲम कमिंग" लिहिलं. तारीख लिहिली नाही.